तिजोरीला 2 किल्ल्या, डोमेनला 14

2023 च्या जुलैत एका रात्री 1 वाजून 52 मिनिटांनी निपाणी शाखेतल्या एका कॉम्प्युटरवरून बेळगावच्या मुख्य कार्यालयातल्या डोमेन कंट्रोलरवर लॉगिन झालं. वापरलेलं खातं डोमेन ॲडमिनचं होतं. ते खातं माझं होतं, आणि मी त्या वेळी टिळकवाडीत घरी झोपलो होतो.

संस्थेचं नाव देत नाही. पतसंस्था आहे, सोने तारण कर्ज हा मोठा धंदा, मुख्य कार्यालय बेळगावच्या जुन्या पेठेत आणि 11 शाखा: खानापूर, नंदगड, जांबोटी, निपाणी, चिकोडी, संकेश्वर अशा पसरलेल्या. 96 कॉम्प्युटर आणि एक ॲक्टिव्ह डिरेक्टरी. ही डिरेक्टरी म्हणजे कोण कर्मचारी, त्याचा पासवर्ड काय, त्याला कुठलं फोल्डर आणि कुठला सर्व्हर उघडतो, याची एकच वही. या वहीतली सगळी खाती आणि यंत्रं मिळून डोमेन, आणि वही डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरवर असते. ज्याच्या हाती डोमेन ॲडमिन खातं, त्याच्या हाती सगळी वही. 2016 साली हे सगळं मीच उभारून दिलं होतं, त्यामुळे पुढे जे दोष येतील त्यातले निम्मे माझे आहेत.

त्या रात्रीचं आधी सांगतो. चार दिवसांपूर्वी निपाणीच्या प्रिंटरची तक्रार आली. मी बेळगावातून रिमोट डेस्कटॉपने त्या कॉम्प्युटरवर शिरलो, तेही डोमेन ॲडमिन खात्याने, कारण तेच सवयीचं. प्रिंटर चालू झाला आणि मी खिडकी बंद केली. लॉग ऑफ केलं नाही. खिडकी बंद करणं आणि लॉग ऑफ करणं यात फरक असतो. पहिल्यात तुमचं सत्र त्या यंत्राच्या मेमरीत तसंच पडून राहतं आणि त्यासोबत तुमच्या पासवर्डचा हॅशही, म्हणजे पासवर्डपासून गणिताने बनलेला ठसा. पुढे तिथल्या क्लार्कने मेलमधली बिलासारखी दिसणारी एक फाइल उघडली. क्लार्कला त्या कॉम्प्युटरवर लोकल ॲडमिनचे, म्हणजे त्या एका यंत्रापुरते सगळे, अधिकार होते (का होते, ते पासबुक प्रिंटरच्या भागात येईल). म्हणजे त्या फाइललाही तेच अधिकार मिळाले. तिने एलसॅस या, लॉगिनची ओळख सांभाळणाऱ्या विंडोजच्या प्रक्रियेची मेमरी वाचली आणि माझा हॅश उचलला.

1:52 ला लॉगिन. 1:58 ला नवीन खातं तयार, नाव दिसायला बॅकअपसारखं. 1:59 ला ते खातं डोमेन ॲडमिन्स गटात. 2:06 ला डोमेन कंट्रोलरवरचा अँटिव्हायरस बंद. 2:10 नंतर काहीच नाही. निपाणीत पाऊस चालू होता, वीज गेली होती, आणि शाखेच्या यूपीएसची बॅटरी बदलायचा अर्ज मार्चपासून टेबलावर पडला होता. नवी बॅटरी वेळेत आली असती तर सकाळी सगळ्या फाइलींना खंडणीसाठी कुलूप लागलेलं दिसलं असतं, असा माझा अंदाज आहे. सकाळी 9 ला संस्थेच्या आयटीच्या मुलाने फोन केला, "सर, सर्व्हरवरचा अँटिव्हायरस लाल दाखवालाय." तिथून पुढचे दोन दिवस झोप नव्हती.

त्या दोन दिवसांचं थोडक्यात सांगतो. शाखांच्या लाइनी तोडल्या. नवा सर्व्हर कोरा बसवून त्याला डोमेन कंट्रोलर केला आणि जुना उतरवला. अधिकार असलेल्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलले. केआरबीटीजीटी नावाचं जे खातं सगळ्या तिकिटांवर (लॉगिननंतर मिळणाऱ्या प्रवेशाच्या पासांवर) शिक्का मारतं, त्याचा पासवर्ड दोनदा बदलला. एकदा बदलून भागत नाही, कारण डिरेक्टरी आधीचा पासवर्डही धरून ठेवते. दोन बदलांच्या मधे एक पूर्ण दिवस जाऊ दिला, कारण तिकिटाचं आयुष्य मूळ सेटिंगप्रमाणे 10 तास असतं आणि घाई केली तर चालू काम तुटतं. ॲडमिनएसडीहोल्डर या डिरेक्टरीतल्या नमुना-नोंदीवरच्या परवानग्याही तपासल्या. तिथे चोराने स्वतःचं नाव घुसवलं असेल, तर दर 60 मिनिटांनी ते आपोआप सगळ्या ॲडमिन खात्यांवर परत चढतं. तुम्ही खालून पुसत राहता, वरून लिहिलं जात राहतं. सुदैवाने तिथे काही नव्हतं. फायरवॉलच्या नोंदींत माहिती बाहेर गेल्याची खूण सापडली नाही.

सेक्रेटरींचा पहिला प्रश्न होता की बाहेर कळवायचं का. आपण बँक नाही, रिझर्व्ह बँकेची 31 डिसेंबर 2019 ची नागरी सहकारी बँकांसाठीची चौकट आपल्याला लागू नाही, असं ते म्हणाले. तेवढं बरोबर होतं. पण सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा 28 एप्रिल 2022 चा आदेश बँकांपुरता नाही. घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचं आणि नोंदी 180 दिवस देशात जपून ठेवायच्या. दुपारी 2 ला मेल गेला. आमच्याकडे तोवर 180 दिवसांच्या नोंदी नव्हत्याच, 9 दिवसांच्या होत्या. त्या 9 दिवसांत माझं रिमोट सत्र आणि ती रात्र दोन्ही बसली, हेही नशीबच.

"सगळ्यांना ओटीपी लावा की ओ"

पुढच्या आठवड्यात संचालक मंडळाची बैठक झाली. चेअरमन, सेक्रेटरी, मॅनेजर, दोन संचालक आणि मी. चहा येण्याआधीच सेक्रेटरी म्हणाले, "सगळ्यांना ओटीपी लावून टाका की ओ. विषय संपला." एका विक्रेत्याचं कोटेशन जानेवारीपासून फाइलला होतं. विंडोजच्या लॉगिन पडद्यावर पासवर्डनंतर ओटीपी मागणारी जोडणी, सगळ्या 96 यंत्रांवर.

मी नोंदींचा कागद पुढे सरकवला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. 1:52 चं लॉगिन 3 क्रमांकाच्या प्रकारचं होतं, म्हणजे नेटवर्कवरून झालेलं. रिमोट डेस्कटॉपचा प्रकार 10, समोर बसून केलेल्याचा 2. चोर लॉगिनच्या पडद्यासमोर आलाच नव्हता. त्याने पासवर्ड टाइप केला नाही, त्याला तो माहीतही नव्हता. त्याने हॅश पुढे केला आणि एनटीएलएम या जुन्या पद्धतीने सर्व्हरने तो मान्य केला. ओटीपी समोरच्या दारावर विचारला जातो. हा गडी परसातून शिरला.

दुसऱ्या पायरीच्या ओळखीला माझा विरोध नाही. पुढे आम्ही ती लावली, पण मोजक्या ठिकाणी. मात्र 14 जणांच्या हाती सगळ्या घराची किल्ली ठेवून समोरच्या दाराला भारी कुलूप बसवणं मला पटेना. आधी किल्ल्या मोजायच्या, मग कुलूप. हा क्रम मंडळाला पटवायला मला सव्वा तास लागला. पटला तो माझ्या तांत्रिक बोलण्याने नव्हे, तळघरातल्या तिजोरीमुळे.

सोने तारणाची पाकिटं तळघरातल्या तिजोरीत असतात. तिला दोन किल्ल्या. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे, आणि दोघं एकत्र असल्याशिवाय ती उघडत नाही. संस्था सुरू झाल्यापासूनचा हा नियम, आणि त्यात कुणाचा अपमान आहे असं कधी कुणाला वाटलं नाही. मी डोमेन ॲडमिन्स गटाची यादी वाचून दाखवली तेव्हा चेअरमन थांबवून म्हणाले, "म्हंजे सोन्याच्या तिजोरीला दोन किल्ल्या, आणि ह्याला चौदा?"

14 जण

यादी अशी होती. मी. आयटीचा मुलगा. मॅनेजर. सेक्रेटरी. विंडोजचं मूळचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीची दोन खाती, त्यातलं एक कंपनी सोडून गेलेल्या इंजिनिअरच्या नावाचं. बॅकअपचं खातं. डेटाबेसच्या सेवेचं खातं. अँटिव्हायरसचं खातं. स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये टाकण्यासाठी झेरॉक्स मशीनला दिलेलं खातं, होय, मशीनला. सीसीटीव्ही बसवणाऱ्या माणसाचं खातं. आणि निवृत्त झालेल्या दोघांची.

यातलं प्रत्येक नाव कुठल्या तरी संध्याकाळी "आता चालत नाही, ॲडमिन देऊन बघूया" म्हणून आत गेलं होतं. चाललं, आणि मग परत काढायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

सगळ्यात धोक्याचं होतं डेटाबेसच्या सेवेचं खातं. 2016 पासून पासवर्ड तोच, संस्थेचं नाव आणि साल. डोमेनमधलं कुठलंही साधं खातं, अगदी काउंटरवरचंही, डोमेन कंट्रोलरकडे त्या सेवेचं तिकीट मागू शकतं आणि ते मिळतं, कारण कर्बरॉस या तिकिटांवर चालणाऱ्या ओळख-पद्धतीची रीतच तशी आहे. त्या तिकिटाचा एक भाग सेवेच्या खात्याच्या पासवर्डपासून बनलेल्या गुपिताने बंद केलेला असतो. तो भाग घरी नेऊन त्यावर सावकाश लाखो पासवर्ड लावून बघता येतात. सर्व्हरला पत्ता लागत नाही, खातं लॉक होत नाही. कर्बरोस्टिंग म्हणतात याला, 2014 पासून जाहीर आहे. मंडळाच्या परवानगीने मी तेच तिकीट काढून माझ्या लॅपटॉपवर लावलं. चहाचे कप परत जायच्या आत पासवर्ड पडद्यावर होता. त्यानंतर बैठकीत कुणी फारसं बोललं नाही.

त्या खात्याला डेटाबेसच्या सर्व्हरपलीकडे कशाचीच गरज नव्हती. त्याच्या जागी समूह-व्यवस्थापित सेवा खातं आणलं. विंडोज सर्व्हर 2012 पासून ही सोय आहे. पासवर्ड डिरेक्टरी स्वतः बनवते, 120 अक्षरांचा, आणि मूळ सेटिंगप्रमाणे दर 30 दिवसांनी स्वतःच बदलते. माणसाला तो कळायची वेळच येत नाही. पुण्याच्या कंपनीची एक जुनी सेवा मात्र यावर चालेना. तिला साधं खातं ठेवलं, लांबलचक रँडम पासवर्ड दिला, आरसी4 हे जुनं कूटलेखन बंद करून फक्त नवं एईएस ठेवलं, आणि त्या खात्याने कुठल्याही पडद्यावर लॉगिन करायचं नाही अशी बंदी घातली.

कंपनीची स्वतःची दोन्ही खाती बंद झाली. त्यांना आता एकच खातं आहे, एका सर्व्हरपुरतं. एरवी ते बंद असतं. त्यांनी फोन केला की आयटीचा मुलगा तेवढ्या वेळापुरतं चालू करतो आणि खात्याला संपायची वेळ लावून ठेवतो. पहिल्या महिन्यात त्यांच्याकडून तीन वेळा ऐकलं की बाकी कुठलाच ग्राहक असला त्रास देत नाही. असेल.

मॅनेजरसाहेबांचं नाव काढताना खरी अडचण झाली. पंधरा वर्षं संस्थेत, माणूस सज्जन, आणि ते ॲडमिन खातं त्यांनी माझ्या माहितीत एकदाही वापरलं नव्हतं. तरी म्हणाले, "माझं काढलं म्हणजे माझ्यावर विश्वास नाही असं झालं की." मी म्हटलं, "साहेब, तिजोरीची दुसरी किल्ली कॅशियरकडे असते, ती तुमच्यावर विश्वास नाही म्हणून काय?" ते म्हणाले, "ते वेगळं." दुसऱ्या दिवशी सकाळी सही केलेला कागद आयटीच्या मुलाच्या टेबलावर होता. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

14 चे 3 झाले. एक माझं, एक आयटीच्या मुलाचं, आणि मूळ ॲडमिनिस्ट्रेटर. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात लाखेने बंद केला आणि सोने तारणाच्या तिजोरीत ठेवला. उघडायचं तर दोन किल्ल्या आणि रजिस्टरमध्ये दोन सह्या.

पाटील किती?

डोमेन ॲडमिनच्या पलीकडे 148 चालू खाती होती. त्यातली कुठली जिवंत माणसांची, हे शोधायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. पगारपत्रक मराठीत, डिरेक्टरीतली नावं इंग्रजी आद्याक्षरांत. आमच्या भागात पाटील हे आडनाव मराठीतही आणि कन्नडमध्येही, त्यामुळे एस. आर. पाटील तीन निघाले: एक संकेश्वरला, एक चिकोडीला, एक निवृत्त. निवृत्त कोण हे पक्कं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तिन्ही खाती वर्षानुवर्षं चालू. शेवटी प्रत्येक खात्यावर कर्मचारी क्रमांक टाकला. ज्याला क्रमांक सापडला नाही ते खातं बंद केलं, पुसलं नाही, आणि कोण ओरडतंय याची वाट बघितली. 31 खाती बंद केली. ओरड एकाच ठिकाणाहून आली, चिकोडीहून, आणि ती रास्त होती.

नंदगडची डायरी

पासवर्डच्या पाहणीला मी नंदगड शाखेत गेलो. तिथल्या कॅशियर अक्कांनी काही लपवलं नाही. ड्रॉवरमधून डायरी काढली, शेवटचं पान उघडलं. वर गॅस सिलिंडरच्या नोंदणीच्या तारखा, खाली ओळीने पासवर्ड, आधीचे खोडलेले. सगळ्यांचं नाव एकच आणि शेवटचा आकडा वाढत गेलेला: 01, 02, 03. शेवटचा 19.

"दर महिन्याला बदला म्हणतासा. लिहून न ठेवता कसं जमंल ओ?"

दोष अक्कांचा नव्हता. 30 दिवसांचा नियम माझा होता, 2016 चा, तेव्हा सगळेच तसं लावत. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने 2017 मध्येच सांगितलं होतं की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, लांबी वाढवा, आणि फुटलेले व सोपे पासवर्ड आधीच नाकारा. मी ते वाचलं होतं, इथे लागू केलं नव्हतं.

आता किमान 14 अक्षरं, आणि संशय असल्याशिवाय बदल नाही. तीन-चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत ओळीने लिहायला शिकवलं. नाकारायच्या शब्दांची यादी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत जन्मतः नसते, त्यासाठी डोमेन कंट्रोलरवर पासवर्ड फिल्टर नावाची जोड बसवावी लागते. यादी आम्ही घरीच केली. बेळगाव, त्याची सगळी स्पेलिंगं, कुंदा (इथली मिठाई), गणपती, शिवाजी, संस्थेचं नाव, आणि शाखांची गावं. बाहेरून विकत मिळणाऱ्या यादीत कुंदा सापडेलच असं नाही, आणि आमच्याकडे तो चौघांचा पासवर्ड होता. परिपत्रक मराठी आणि कन्नड दोन्हींत काढलं, कारण हुक्केरी-चिकोडीकडचे बरेच कर्मचारी कन्नडच वाचतात, आणि न वाचलेल्या नियमाचा काही उपयोग नाही.

काउंटरची सामायिक खाती, "काउंटर 1" वगैरे, बंद केली. प्रत्येकाला स्वतःचं खातं दिलं. त्या खात्याने फक्त आपल्या शाखेच्या यंत्रांवर आणि कामाच्या वेळेतच लॉगिन करायचं.

जांबोटीत रेंज नाही

मग ओटीपीचा विषय परत आला. जांबोटीकडे पावसाळ्यात मोबाईलची रेंज येते-जाते. एसएमएसवरचा ओटीपी तिथे सकाळचा दुपारी पोचतो. शिवाय रोख काउंटरवर मोबाईल नको, हा संस्थेचाच नियम.

म्हणून वाटणी केली. काउंटरवरच्या लोकांना विंडोजला दुसरी पायरी लावलीच नाही. त्यांच्या खात्यांत चोरण्यासारखं आता फार उरलेलं नव्हतं. बाहेरून व्हीपीएन या सुरक्षित जोडणीने येणाऱ्यांना (मॅनेजर, सेक्रेटरी, तपासणी अधिकारी, पुण्याची कंपनी) ऑथेंटिकेटर ॲप दिलं. दर 30 सेकंदांनी बदलणारा तो कोड फोन स्वतः बनवतो, फोनमधलं गुपित आणि घड्याळ यांवरून. रेंजची गरज नाही, घड्याळ बरोबर हवं. तपासणी अधिकाऱ्यांनी तो जांबोटीच्या बसस्टँडवर उभं राहून करून बघितला. त्यातल्या एकाकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांना किल्लीच्या जुडग्यात अडकवायचं टोकन दिलं.

दोन ॲडमिन खात्यांसाठी मात्र ॲप पुरेसं धरलं नाही. त्यांना यूएसबी किल्ली, आत डिजिटल प्रमाणपत्र, आणि पिन. खात्यावर "स्मार्ट कार्डशिवाय लॉगिन नाही" ही खूण. त्यासाठी संस्थेला स्वतःचा प्रमाणपत्र सर्व्हर उभारावा लागला, आणि इथे मी मुद्दाम जरा थांबतो. हा सर्व्हर डोमेन कंट्रोलरइतकाच जपावा लागतो. प्रमाणपत्राच्या साच्यात "अर्जदाराने स्वतःचं नाव स्वतः लिहावं" ही मुभा राहून गेली आणि साधे कर्मचारी त्यासाठी अर्ज करू शकत असले, तर काउंटरवरचा माणूस डोमेन ॲडमिनच्या नावाचं प्रमाणपत्र काढू शकतो. नवं कुलूप बसवताना भिंतीला नवं भोक पाडायचा हा प्रकार.

दुसरं, स्मार्ट कार्डची खूण लावली म्हणजे हॅश नाहीसा होत नाही. डिरेक्टरी आतल्या आत एक रँडम पासवर्ड ठेवते, आणि त्याचा हॅश असतोच. निपाणीत जे झालं ते फक्त त्या खुणेने थांबलं नसतं. ते थांबतं प्रोटेक्टेड यूजर्स गटाने. विंडोज सर्व्हर 2012 आर2 पासूनचा हा गट. त्यातल्या खात्यांना एनटीएलएम वापरता येत नाही, आरसी4 नाही, यंत्रावर ओळखीची प्रत साठत नाही, आणि तिकीट 10 ऐवजी 4 तासांचं. आम्हा दोघांची ॲडमिन खाती त्यात गेली. सेवांची खाती त्यात घालायची नसतात, आणि पाकिटातलं खातंही घातलं नाही, कारण सगळं कोसळल्यावर तेच उघडायचं आहे.

आणि ग्रुप पॉलिसीने, म्हणजे सगळ्या यंत्रांना एकदम लागू होणाऱ्या नियमाने, एक साधी बंदी घातली. डोमेन ॲडमिन खातं कुठल्याही शाखेच्या कॉम्प्युटरवर, कुठल्याही मार्गाने, लॉगिन होणार नाही. ते चालतं फक्त डोमेन कंट्रोलरवर आणि मुख्य कार्यालयातल्या एका वेगळ्या यंत्रावर, ज्यावर ना मेल ना इंटरनेट. शाखांच्या दुरुस्तीला मला दुसरं, कमी अधिकाराचं खातं आहे, आणि रोजच्या मेलला तिसरं. तीन पासवर्ड सांभाळायचा वैताग आहे. पण त्या रात्री ही एक बंदी असती तर निपाणीच्या मेमरीत उचलण्यासारखं माझं काही नसतंच.

पासबुक प्रिंटर

क्लार्क लोकांना लोकल ॲडमिन का होतं? पासबुक छापायचा प्रोग्राम त्याशिवाय उघडत नसे. कंपनीच्या माणसाने बसवताना सांगितलेलं, "ॲडमिन लागतंय." आठ वर्षं सगळ्यांनी ते मानलं.

खानापूर शाखेत एका दुपारी मी साध्या खात्याने तो प्रोग्राम चालवला आणि बाजूला प्रोसेस मॉनिटर (प्रोग्राम कुठल्या फाइलींना हात लावतो ते दाखवणारं साधन) लावून ठेवला. हजारो ओळींतून "परवानगी नाकारली" एवढ्याच गाळून बघितल्या. दोन उरल्या. प्रोग्राम आपल्याच फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये शेवटच्या छापलेल्या ओळीचा क्रमांक लिहायला बघत होता. प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या खात्याला लिहिता येत नाही, म्हणून अडत होता. त्या एका फाइलला लिहिण्याची परवानगी दिली. पासबुक छापलं गेलं. बाकड्यावर बसलेल्या आजोबांना त्यांचं पासबुक मिळालं, आणि त्या आठवड्यात 96 पैकी 93 यंत्रांवरून लोकल ॲडमिन गेलं.

प्रत्येक यंत्राचं आतलं ॲडमिनिस्ट्रेटर खातं मात्र उरतंच, आणि 2016 मध्ये मी सगळ्यांना एकच पासवर्ड दिला होता. म्हणजे एक कॉम्प्युटर फुटला की 96 फुटले. एप्रिल 2023 च्या अपडेटपासून लॅप्स विंडोजमध्येच आलं आहे. ते प्रत्येक यंत्राचा पासवर्ड वेगळा करतं, ठरल्या दिवशी बदलतं, आणि डिरेक्टरीत ठेवतं. कोण वाचू शकेल तेही ठरवता येतं. याला खर्च शून्य, काम दोन दिवसांचं. जाता जाता आणखी एक मूळ सेटिंग बदललं: कुठलंही साधं खातं स्वतःहून 10 कॉम्प्युटर डोमेनला जोडू शकतं, ते 0 केलं.

अडकलो ते

प्रोटेक्टेड यूजर्स लावल्यावर तिसऱ्या दिवशी आयटीच्या मुलाचा फोन आला. डोमेन कंट्रोलरवर रिमोटने जाता येईना, किल्ली आणि पिन बरोबर असूनही. ऐन गणपतीत, 30 सप्टेंबरची सहामाही अखेर तोंडावर. तासभर आम्ही प्रमाणपत्रं तपासत बसलो. मग मी विचारलं, "कनेक्ट कसा करतोस?" तो नेहमीप्रमाणे सर्व्हरचा आयपी पत्ता टाकत होता. कर्बरॉसला सर्व्हरचं नाव लागतं. आकडे दिले की विंडोज गुपचूप एनटीएलएमवर उतरतं, आणि तेच आता बंद होतं. इतकी वर्षं आम्ही दोघं आयपी टाकून जुन्याच पद्धतीने शिरत होतो आणि कळलंही नव्हतं. नाव टाकलं, लगेच आत.

झेरॉक्स मशीनने अधिक छळलं. तिचा ॲडमिन काढून फक्त एका फोल्डरचं खातं दिलं, तर स्कॅन येणं बंद. ती फाइल पाठवायला जुनं एसएमबी 1 वापरत होती, आणि ते नव्या सर्व्हरवर मुळात चालू नव्हतं. म्हणजे अधिकार काढल्याने बिघडलं असं सगळ्यांना वाटलं, कारण दुसरंच. मशीनचं फर्मवेअर बदलेपर्यंत कर्जाचे कागद पेन ड्राइव्हने फिरले. ते मला पसंत नव्हतं, पण पाच दिवस तसंच चाललं.

आणि जुना डोमेन कंट्रोलर हाच प्रिंट सर्व्हरही होता. विंडोजच्या छपाई सेवेतल्या 2021 च्या प्रिंटनाइटमेअर या त्रुटीनंतर डोमेन कंट्रोलरवर ती सेवा (प्रिंट स्पूलर) चालू ठेवू नये हे मला पाठ होतं. इथे दोन वर्षं चालू होता. नव्यावर तो बंद आहे, प्रिंटर दुसरीकडे नेले.

आज

डोमेन ॲडमिन्स गटात कुणाची भर पडली (घटना क्रमांक 4728) की माझ्या आणि सेक्रेटरींच्या फोनवर संदेश येतो. सेक्रेटरींना त्यातलं कळत नाही, पण संदेश आला की ते मला फोन करून "हे तुम्हीच केलंय न्हवं?" विचारतात. याहून जास्त मला नको आहे. आणखी एक खातं नुसतं आमिष म्हणून ठेवलं आहे. सेवेचं असल्यासारखं नाव, अधिकार काही नाहीत, वापर कुणाचाच नाही. त्याचं तिकीट कुणी मागितलं (4769) तर कुणीतरी आत येऊन चाचपतंय असं धरायचं. आजवर एकदा वाजलं, तपासणीला आलेल्या ऑडिटरच्या स्कॅनरमुळे.

पाकीट 2024 च्या ऑगस्टमध्ये एकदा मुद्दाम उघडून बघितलं, आतला पासवर्ड खरंच चालतो का म्हणून. पहिल्यांदा चालला नाही. कागदावर माझ्या अक्षरातला 1 हा एल वाचला जात होता. नवा कागद आता आयटीच्या मुलाने लिहिला आहे, एकेक अक्षर वेगळ्या चौकटीत, आणि लाख लावण्याआधी मॅनेजरसाहेबांनी तो मोठ्याने वाचून दाखवला.

लोकल ॲडमिन न निघालेली ती 3 यंत्रं अजून आहेत. विंडोज 7, जुना पासबुक प्रिंटर, ज्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसत नाही. त्यांना नेटवर्कमध्ये वेगळं टाकलंय, डेटाबेसपुरता एकच मार्ग उघडा. बदलायचा ठराव झाला आहे, मार्चअखेर संपल्यावर. कुठल्या सालचा मार्च, ते ठरावात लिहिलेलं नाही.